मेंदूला दुखत नाही म्हणतात, मग दादाचं डोकं कशाने दुखतंय?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. मोठ्या भावाला (वय 47) दिवाळीनंतर फिट आली, मिरजेत एमआरआय केला तर मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन जागं ठेवून केलं, दादा टेबलावर डॉक्टरांशी बोलत होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले घाबरू नका, मेंदूला दुखत नाही. रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमा ग्रेड 4, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, आला. आता रेडिएशन चालू आहे, सोबत केमोची कॅप्सूल. गेल्या आठवड्यापासून दादा पहाटे डोकं धरून बसतो, दोनदा उलटी पण झाली. काका म्हणतात, 'आरं मेंदूला दुखतच न्हाई म्हणलाय की डॉक्टर, ह्येच्या मनाचं हाय समदं.' मी नेटवर वाचलं की मेंदूच्या पेशी करंट देऊन ट्यूमर वाढवतात असं संशोधन आलंय, तेव्हापासून आम्ही दादाला विचारच करू देत नाही, टीव्ही बंद, बागेचा हिशोब बंद, भेटायला येणारे पण बंद. तो लई चिडतो. स्टिरॉइडने शुगर वाढली म्हणून ती गोळी अर्धी केलीये, डोकं दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणून देतो. दादाला खरंच दुखतं का आणि विचार केल्याने ट्यूमर वाढतो का एवढं सांगा. परदेशात नवीन काही निघालंय का ते पण."

भाऊ, तुम्ही दोन-तीन प्रश्न विचारलेत पण मला बोचलं ते वाक्य प्रश्नच नव्हतं, जाता जाता लिहिलेलं होतं. गोळी अर्धी केलीये. पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला निरोप पाठवलाय की आजच रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी कधीपासून किती कमी केली ते तारखेसकट सांगा, उद्यावर ढकलू नका, आणि दादा सुस्त वाटला, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद कमी झाली किंवा परत फिट आली तर फोन पण करत बसू नका, थेट गाडी काढा. खाली लिहितेय ते तुमच्यासाठी आहेच पण अशी गोळी अर्धी करणारी घरं मला माहिती आहेत, त्यांच्यासाठी पण आहे. मी आयुष्यभर फिजिऑलॉजी शिकवली, ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस किती हे मी सांगणार नाही, का दुखतं ते मात्र सांगू शकते.

तर काकांचं आधी बघू. डॉक्टर खोटं बोललेले नाहीत. मेंदूच्या मांसात वेदना ओळखणारी मज्जातंतूंची टोकं नसतातच, म्हणून तर जागं ठेवून ऑपरेशन करता येतं. डोक्याच्या कातडीला भूल द्यायची, आत गेलं की मेंदूला हात लावला तरी पेशंटला कळत नाही, आणि तो बोलत असताना भाषेची जागा, हाताची जागा ओळखून ती सोडून बाकीची गाठ काढायची. माँट्रियलला विल्डर पेनफिल्ड नावाचे सर्जन होते, त्यांनी तिथे 1934 साली न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट काढली, ते असंच पेशंटला जागं ठेवून मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक करंट देत आणि विचारत काय वाटलं. कुणाचा अंगठा हले, कुणाला जिभेला मुंग्या येत, पण दुखलं असं क्वचितच कुणी म्हणे. याच पेनफिल्डनी 1928 मध्ये स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली होती, म्हणजे बघा, पेशंटच्या घरचं माणूस असणं काय असतं हे त्यांना बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती.

पण काकांनी अर्धंच ऐकलं. मेंदूला दुखत नाही, डोक्याला दुखतं, आणि डोक्यात मेंदू सोडून बरंच काही आहे. 1940 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्सन रे आणि हॅरोल्ड वुल्फ या दोघांनी ऑपरेशनच्या वेळी जाग्या असलेल्या पेशंटच्या डोक्यातल्या एकेका भागाला डिवचून, ओढून बघितलं की कुठे दुखतं. मेंदूवर काही नाही. पण मेंदूवरचं जाड आवरण असतं, ड्युरा म्हणतात त्याला, त्याचे ठराविक भाग, तळाकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या, आणि अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरा, यांना ओढलं की पेशंट कळवळायचे. या भागांना चेहऱ्याची मोठी नस, ट्रायजेमिनल, तिचे धागे जातात, आणि डोक्याच्या मागच्या खालच्या भागाला मानेच्या वरच्या नसांचे. म्हणून आत कुठेतरी ओढ बसते आणि माणूस कपाळाला नाहीतर डोळ्याच्या मागे हात लावतो, कुणाची मान धरते. (त्या धाग्यांवर मिरचीचा तिखटपणा आणि भाजणारी उष्णता दोन्ही ओळखणारा एकच रिसेप्टर असतो, तो डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधला आणि 2021 चं नोबेल मिळालं. म्हणजे आपण रोज भाकरीबरोबर ठेचा खातो ती चव नव्हेच, ती चक्क वेदना आहे, आणि वर अजून वाढा म्हणतो. असो.)

आता दादाचं. कवटी हाडाची, बंद, मोठ्या माणसाची ती फुगत नाही. गाठ काढली तरी तिच्या कडेच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मेंदूत नको ते रक्तात अडवून ठेवायची जी व्यवस्था असते ती तिथे फुटलेली असते, त्यातून पाणी झिरपून आजूबाजूचा मेंदू सुजतो, आणि रेडिएशन चालू असताना सूज आणखी वाढू शकते. मग आतला दाब वाढतो, ड्युरा आणि शिरा ताणल्या जातात, दुखतं. पहाटेच का, तर रात्रभर आडवं पडल्यावर डोक्यातलं रक्त आणि पाणी उतरायला वेळ लागतो, शिवाय झोपेत श्वास संथ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुलतात, दाब अजून चढतो. उठून बसलं, थोडं फिरलं की तासाभरात हलकं वाटायला लागतं आणि घरातले म्हणतात, बघ, आता बरा आहेस की, नाटक होतं. नाटक नव्हतं हो. पहाटेचं डोकं, सोबत उलटी, खोकलं किंवा वाकलं की वाढणं, हे मेंदूच्या डॉक्टरला सांगितलं तर तो लगेच कान टवकारतो, आणि तुमच्या पत्रात त्यातल्या दोन गोष्टी आहेत.

याच्यावरचं औषध तेच, जे तुम्ही अर्धं केलं. डेक्सामेथासोन. ते पेनकिलर नाही, ते त्या गळक्या रक्तवाहिन्यांमधून झिरपणं कमी करतं. मेंदूच्या गाठीभोवतीच्या सुजेवर त्याचा वापर अमेरिकेत मिनेसोटामधल्या गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी 1961 मध्ये मांडला, त्याच्या आधी असे पेशंट निव्वळ सुजेने जायचे. आज पासष्ट वर्षं होत आली तरी सुजेवर पहिला हात याच गोळीवर जातो. शुगर वाढते हे खरं आहे, झोप उडते, भूक राक्षसासारखी लागते, चिडचिड होते, मांड्यांमधली ताकद जाते, जिना चढताना कळतं. तुम्ही लिहिलंय दादा लई चिडतो, त्यात थोडा वाटा या गोळीचा असेल, थोडा गाठ कुठे होती त्याचा, आणि बराच तुम्ही त्याला कोंडून ठेवलंय त्याचा, त्यावर येतेच. पण शुगर वाढली तर शुगरचं औषध वाढवायचं असतं, गरज पडली तर काही दिवस इन्सुलिन, आणि गोळी कमी करायची तर ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. गोळी बाहेरून येत असते तेव्हा शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बंद करतं, एकदम तोडली तर बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस गळून जातो, कधीकधी जिवावर बेततं. झोपेसाठी विचारा की डोस सकाळी आणि दुपारीच बसवता येईल का, संध्याकाळची गोळी झोप खाते.

आणि ती मेडिकलमधली पेनकिलर. नाव तुम्ही लिहिलेलं नाही पण आपल्याकडे डोकं दुखतंय म्हणलं की डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेनवाली मिक्स गोळी हातात ठेवतात. स्टिरॉइड चालू असताना ती घेतली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायची भीती बरीच वाढते, आणि दादाची केमोची कॅप्सूल प्लेटलेट कमी करू शकते, म्हणजे रक्त थांबवणारेच कमी. एका घरात तीन गोळ्या, तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या, एकमेकांना माहीत नाहीत. सगळ्या पाकिटांचा मोबाईलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा, दुखल्यावर कुठली चालेल ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त पेनकिलर पडत राहिली, तर काही महिन्यांनी त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हा आणखी वेगळा त्रास.

दादाला विचारा दुखतं तरी नेमकं कुठे आणि कसं. कारण ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसरं पण एक दुखणं असतं, कानशिलाचा स्नायू कापलेला असतो, कातडीच्या बारीक नसा तुटलेल्या असतात, तिथे चावताना दुखतं, केस विंचरताना शॉक बसल्यासारखं होतं. ते पहाटेच्या दुखण्यापेक्षा वेगळं, त्याची औषधं पण वेगळी. वहीत लिहा, किती वाजता, कुठे, दहापैकी किती, उलटी झाली का, काय दिलं, कशाने उतरलं. दादा नको म्हणला तरी वहिनींनी लिहावं. रेडिएशनच्या रांगेतून तपासायच्या खोलीत गेलं की डॉक्टर विचारतात कसं काय, आपण म्हणतो बरंय, आणि पहाटेचं सगळं तिथेच राहतं.

आता "मनाचं हाय" या वाक्यावर. मी काकांवर रागावत नाहीये, भावाचा मुलगा अंथरुणाला खिळलेला बघायचा तर असं काहीतरी म्हणून माणूस स्वतःला सावरतो. पण शास्त्र काय म्हणतं ते ऐका. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ तारेने जात नाही, वाटेत मज्जारज्जूत एक गेट आहे. बागेतल्या ड्रिपचा व्हॉल्व्ह समजा, वरून पाणी तेवढंच आलं तरी व्हॉल्व्ह किती उघडा त्यावर खाली किती जाणार ते ठरतं. डोक्याच्या बाबतीत ही जागा मेंदूच्या देठात, मानेला लागून आहे, आणि मेंदू वरून स्वतःच ती उघड-मीट करत असतो. भीती, जागरण, एकटेपणा यांनी ती जास्त उघडते, लक्ष दुसरीकडे लागलं, जवळ आपलं माणूस असलं की मिटते. हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर बघितलं की मोठमोठ्या जखमा झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन नको म्हणतात, कारण जिवंत सुटलो, आता घरी जाणार एवढंच त्यांच्या डोक्यात. म्हणजे मनाचा हात वेदनेत असतोच, सगळ्यांच्याच असतो, काकांचा गुडघा दुखतो त्यात पण आहे. त्याने वेदना खोटी होत नाही. वेदनेवर काम करणाऱ्यांची जगातली संघटना आहे, आयएएसपी, त्यांनी 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान ठेवला पाहिजे. कारण वेदना मोजायचं मशीन नाही, ना मिरजेत ना अमेरिकेत. एमआरआयमध्ये सूज दिसते, दुखणं दिसत नाही.

आणि म्हणूनच तुम्ही दादाचं जे चालवलंय ते मला पटत नाही.

तुम्ही वाचलेलं संशोधन खरं आहे, अफवा नाही, 2019 मध्ये नेचरमध्ये आलं. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांचा गट आणि जर्मनीत हायडेलबर्गचा फ्रँक विंकलर यांचा गट, दोघांना वेगवेगळं काम करताना एकच सापडलं, की ग्लिओमाच्या (दादाचा ग्लिओब्लास्टोमा हा त्यातलाच एक) पेशी मेंदूच्या निरोगी पेशींशी चक्क जोडण्या करतात, दोन मेंदूपेशींमध्ये असतो तसाच सिनॅप्स, आणि निरोगी पेशीकडून येणारं ग्लुटामेट नावाचं रसायन वापरून वाढतात. मला स्वतःला हे वाचून झोप लागली नव्हती, इतकी वर्षं आपण शिकवलं की गाठ म्हणजे मेंदूत घुसलेला परका, आणि ती तर घरच्या वायरिंगवरच आकडा टाकून बसलेली. पण ते प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, माणसाच्या ट्यूमरच्या पेशी उंदराच्या मेंदूत वाढवून केलेले. आणि त्यात "करंट" म्हणजे पेशींमधले विजेचे ठोके, दादाचा विचार नव्हे. मेंदूतली ही वीज कधीच बंद नसते, झोपेत नाही, बेशुद्धीत पण पूर्ण नाही, टीव्ही बंद करून, व्यापाऱ्याचा फोन काढून घेऊन ती बंद होत नाही. हिशोब केला, हसला, भांडला म्हणून गाठ वाढली असं कुणीही दाखवलेलं नाही. त्या संशोधनातून डॉक्टरांनी काढलेला अर्थ वेगळाच आहे, ही जोडणी औषधाने तोडता येईल का, आकडीवरचं पेरॅम्पॅनेल हे औषध उंदरांमध्ये उपयोगी पडलं म्हणून ते आता माणसांवर तपासलं जातंय. ते दुकानातून आणून द्यायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

दादाला कोंडून तुम्ही व्हॉल्व्ह उघडा करताय. दिवसभर भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला दुखणं सोडून लक्ष द्यायला काय उरतं? त्याला बागेचं विचारा. छाटणी कधी घ्यायची, काडी किती डोळ्यांवर ठेवायची, डाऊनीचं औषध कुठलं मारायचं, बेदाणा करायचा की मार्केटला माल द्यायचा, हे त्याच्याइतकं तुमच्या घरात कुणाला कळतं? खुर्ची टाका बांधावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, टोपी घालून, ऑपरेशनच्या जागेवर ऊन नको. पाहुणे एकावेळी दोघं, सर्दी खोकलेवाला कुणी नको कारण केमो चालू आहे. दमला की झोपू दे, रेडिएशनचा थकवा खरा असतो. ट्रॅक्टर, मोटरसायकल, विहिरीचा काठ, बेदाणा शेडच्या वरच्या रॅकवर चढणं हे मात्र बंदच, फिट येऊन गेलीये त्याला. आणि परत आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा चप्पल हुंगवत बसू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना, थांबली तरी वर सांगितल्याप्रमाणे दाखवायला न्यायचंच.

परदेशाचं. दादा रोज उपाशीपोटी घेतो ती टेमोझोलोमाइडची कॅप्सूल आणि सोबतचं रेडिएशन, साधारण सहा आठवड्यांत तीस बैठका, हेच मुळी संशोधन आहे. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी युरोप आणि कॅनडातल्या 573 पेशंटवर तपासून 2005 मध्ये मांडलं, नुसत्या रेडिएशनने दोन वर्षांनी शंभरातले 10 जण जगत होते, कॅप्सूल जोडल्यावर 26. आकडे लहान आहेत, मी ते मोठे करून सांगणार नाही, पण ते 573 जणांच्या गर्दीचे आहेत, त्यात तुमचा दादा कुठे बसतो ते त्यावरून कळत नाही. ते थोडं कळायला बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये दोन शब्द शोधा, आयडीएच आणि एमजीएमटी, गाठीतल्या दोन जीन्सची ही नावं. एमजीएमटी मिथायलेटेड असेल तर या कॅप्सूलचा उपयोग जास्त होतो. आयडीएच म्युटेशन, म्हणजे त्या जीनमध्ये बदल, असेल तर 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाप्रमाणे त्याला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत, पुढचा अंदाज पण बदलतो. टेस्ट झालेली नसेल तर विचारा, गाठीचा तुकडा लॅबमध्ये ब्लॉक करून ठेवलेला असतो, त्यावरून नंतर पण करता येते, दुसरं मत हवं तर मुंबईला टाटाला तोच ब्लॉक आणि स्लाइड घेऊन जायच्या. नवीन औषधं पेशंटवर तपासायच्या ट्रायल आपल्या देशात पण चालतात, त्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर असते, फुकट बघता येतं. नोंद नाही, मराठीत संमतीपत्र नाही, आणि आधी लाखभर भरा म्हणतायत, तर ती ट्रायल नव्हे, बाग विकायचा रस्ता आहे. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो त्याला गाठा, मेडिक्लेम नाही म्हणून गप्प बसू नका.

पुढे कधी दुखणं या गोळ्यांना ऐकेनासं झालं तर पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवा म्हणून तुम्हीच म्हणा. नाव ऐकून वहिनींनी घाबरू नये, ते शेवटचे डॉक्टर नव्हेत, ते दुखणं, उलटी, झोप हे बघणारे डॉक्टर, रेडिएशन चालू असताना पण दाखवता येतं. मॉर्फिनची वेळ आली तर ते पण त्यांच्या हाताखाली नीट देता येतं, 2014 मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलंय, बद्धकोष्ठाचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून सोबत लागतं.

पत्राच्या खाली वहिनींनी वेगळ्या अक्षरात विचारलंय, डोक्याला तेल चोळलं तर चालेल का, त्यांना बरं वाटतं. वहिनी, चोळल्याने बरं वाटतं ते खरंच आहे, स्पर्शाच्या जाड नसांमधून जाणारा संदेश मेलझॅक-वॉल यांचं ते गेट थोडं मिटवतो. तळपाय, पोटऱ्या, खांदे, हलक्या हाताने मान, बिनधास्त चोळा, रात्री झोपताना चोळा. टाक्यांवर आणि रेडिएशन पडतं त्या भागावर तेल, बाम, हळद काहीच नको, तिथली कातडी आधीच होरपळलेली असते, त्यांनी लिहून दिलेलं मलमच लावा, ते पण बैठकीच्या आधी लावायचं की नंतर हे विचारून.